तांबट आळीतली हवेली विकायची आहे

महाराजांची तांबट आळीतली हवेली काही केल्या विकली जात नव्हती. हवेली झकास होती. खोट होती ती शेजारात. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दोन्ही अंगांना हातोड्या चालत, हंडे-घागरी घडत. गिऱ्हाईक हौसेने आत येई, चौक पाही, कारंजं पाही, खूश होऊन किंमत विचारी, आणि कारभारी सांगत ती किंमत त्याला ऐकूच जात नसे.

महाराज हट्टाला पेटले. त्यांनी तांबटांचा म्होरक्या राणबा याला बोलावून घेतलं. जन्मभर ठोके ऐकून राणबाचे कान अधू झालेले, म्हणून बोलायला लेक अनशी सोबत आली.

"येत्या बाजाराच्या दिवशी हवेली सगळ्यांना बघायला उघडी ठेवणार," महाराज म्हणाले. "संध्याकाळपर्यंत विकली गेली नाही, तर तुम्ही तांबटांनी आळी सोडायची आणि नदीपलीकडच्या माळावर जायचं."

"मग त्या दिवशी काम बंद ठेवतो, महाराज," अनशी म्हणाली.

"बंद कसं ठेवाल? जत्रेच्या महाप्रसादाची भांडी कोण देणार? एकही हातोडी थांबता कामा नये. किंमत कमी होणार नाही. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. आणि," महाराजांनी राणबाकडे रोखून पाहिलं, "गिऱ्हाईक बहिरं चालणार नाही!"

माळावर ना पाणी, ना बाजार. आजोबांच्या हातची भट्टी काही उचलून नेता येत नाही. पण महाराजांपुढे डोळ्यांत पाणी आणायचं अनशीच्या जिवावर आलं. "जशी आज्ञा," एवढंच ती म्हणाली.

हवेली सजवायला कारभारी हणमंतराव जातीने उभे राहिले. फरश्या घासून घेतल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, अंगणात सडा-रांगोळी झाली, दिवाणखान्यात मोगरा ठेवला. वर त्यांनी हुकूम सोडला, "खिडक्या लावा आणि फटींत कापूस कोंबा. गिऱ्हाईक आत आहे तोवर तरी आवाज बाहेर राहू दे. अनशे, पळ, कापूस आण."

अनशी बाजारात गेली, तर पिंजाऱ्याचं दुकान रिकामं.

"कापूस? चिमूटभर नाही बघ," पिंजारी म्हणाला. "राजवाड्यातल्या दासी सगळा उचलून नेतात. महिना झाला असंच चाललंय."

"एवढ्या गाद्या लागतात राजवाड्याला?"

पिंजाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि हळूच म्हणाला, "गाद्या कसल्या? महाराज गाणं शिकतायत."

अनशी क्षणभर तिथेच थबकली. मग हसू दाबत ती निघाली ती हवेलीकडे नाही, थेट राणीसाहेबांच्या महालाकडे.

बाजाराच्या दिवशी अनशीने हवेलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. येईल त्या गिऱ्हाइकाला ती दारातच ओरडून सांगत होती, "बघा खुशाल, पण हा आवाज रोजचा आहे बरं का!" सावकार आले तसे गेले. इनामदार आले आणि उंबऱ्यावरूनच वळले. उन्हं उतरायला लागली. राणबा मधूनमधून लेकीकडे पाही, पण हातोडी त्याने थांबवली नाही. अनशीचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी राणीसाहेबांचा मेणा आला, आणि काय चाललंय ते बघायला मागोमाग महाराजही आले. राणीसाहेब चौकात उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी ती ठोकठोक मनसोक्त ऐकली. मग म्हणाल्या, "घेतली. आमच्या खासगीतून, सांगाल त्या किमतीला."

कारभाऱ्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा राणीसाहेबांनी तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"आपल्याला कशाला हवी ही हवेली?" महाराज चकित झाले. "या आवाजात?"

"या आवाजासाठीच तर घेतली. आपल्या रियाजाला."

महाराजांच्या भुवया चढल्या. "आमच्या रियाजाला? का बरं?"

राणीसाहेबांनी अनशीकडे पाहिलं. महाराजही तिच्याकडे वळले. "तू सांग, पोरी. आणि खोटं बोलायचं नाही, लक्षात आहे ना?"

हणमंतराव खांबाआड सरकले. अनशीने हात जोडले.

"महाराज, सकाळी आपण सूर लावलात की राजवाड्यात झाडणाऱ्याचा झाडू थांबतो, गवळ्याची धार थांबते, पुजाऱ्याच्या हातातली घंटासुद्धा थांबते. सगळ्यांचे हात कानाशी गुंततात, मग कामं कोण करणार? अख्ख्या नगरात ही एकच आळी अशी आहे, की जिथे आपण कितीही गा, कुणाचाही हात थांबायचा नाही!"

महाराजांनी अनशीकडे पाहिलं, राणीसाहेबांकडे पाहिलं. मग घसा खाकरून तिथेच, कारंज्याच्या काठावर बसून, त्यांनी अशी तान घेतली की वळचणीची कबुतरं उडाली. राणीसाहेबांचा हात आपसूक कानाकडे गेला. आळीतली एकही हातोडी मात्र चुकली नाही.

तान संपली तेव्हा शेजारच्या ओट्यावरून राणबाने मान वर केली. "अनशे," त्याने विचारलं, "महाराज काही म्हणाले का गं?"

महाराज जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी अनशीच्या ओंजळीत ठेवलं आणि कारभाऱ्यांना हाक मारली.

"हणमंतराव, खांबाआडून बाहेर या आणि नीट ऐका! ही आळी पिढ्यान्‌पिढ्या तांबटांची. त्यांना इथून कुणी हलवायचं नाही. आम्हाला असे शेजारी पुन्हा कुठे मिळणार?"