शांत गाडीचे हप्ते

ज्या जंगलातून आता काळाभोर रस्ता जातो, त्या जंगलात, उतारावरच्या एका बिळात, एक तरुण साळिंदर आपल्या आईबरोबर राहत असे. रानशाळेची पदवी त्याने नुकतीच घेतली होती आणि डोंगरापलीकडच्या बीजभांडारात त्याला नोकरीही लागली होती. भांडार इतके लांब होते, की सकाळी पायी निघाले तर तिथे पोहोचेपर्यंत घरी परतायची वेळ व्हायची. गाडी घेणे भागच होते.

मुलांनो, त्या उतारावर एक रीत होती. तिन्हीसांजेला घरी परतणाऱ्याने खालच्या वळणावर उभे राहून हाक द्यायची, "मी आलो!" आतल्यांनी आवाज ओळखायचा, "ये" म्हणायचे आणि मगच बिळाच्या तोंडावरचा दगड सरकवायचा. हाक न देता कुणी दाराशी आले, तर दगड हलवायचा नाही. असे कुणीकुणी येत असे. ते कोण, हे उतारावर कुणी विचारत नसे. साळिंदराचे बाबा एकदा पलीकडच्या खोऱ्यात कंद आणायला गेले होते, ते परतले नव्हते. त्याविषयीही घरात बोलणे होत नसे.

आईने गाडीसाठी बाजूला ठेवलेले कंद टोपलीत भरले आणि शेजारच्या घोरपड मावशीला सोबत घेऊन साळिंदर गाड्या बघायला निघाले. रस्त्याच्या कडेला एका तरसाने गाड्या मांडल्या होत्या. पहिलीच गाडी लाल होती, ठेंगणी, नवी कोरी. टोपलीतल्या कंदांत ती सहज मिळत होती. साळिंदराने ती चालवून पाहिली. दार लागायला दोनदा आपटावे लागे आणि चढावर ती कण्हल्यासारखा आवाज करी.

"घे की हीच," मावशी म्हणाली. "चढावर मीसुद्धा कण्हते. म्हणून कुणी मला टाकून दिलंय का?"

"पण मावशी, किती खडखडते!"

"आणि तू? तू चालायला लागलास की अर्धा डोंगर जागा होतो."

मावशी थट्टेने बोलली, पण साळिंदराला ते लागले. शाळेत सगळे त्याला खुळखुळा म्हणत. वर्गात उशिरा पोहोचले, की काट्यांच्या खडखडीने गुरुजींना न बघताच कळे. आता भांडारातही तेच होणार, या विचाराने ते खाली मान घालून उभे राहिले.

तेवढ्यात त्याला मागच्या बाजूला उभी असलेली पांढरी गाडी दिसली. लांबलचक, गुळगुळीत, धुळीचा कण नसलेली. तरस कधी जवळ येऊन उभा राहिला, ते कुणालाच कळले नाही.

"बसून तर बघ," तो म्हणाला. तो हळू बोलत असे, आणि त्याचा आवाज दर वाक्याला किंचित बदलत असे. "चालू आहे गाडी. ऐकू येतंय काही?"

काहीच ऐकू येत नव्हते. गाडी सुकलेल्या सागाच्या पानांवरून गेली, तरी एक पान वाजले नाही. साळिंदराने डोळे मिटून घेतले. असे आपल्याला चालता आले असते तर!

"ही मला परवडायची नाही," ते म्हणाले.

"टोपली घरी घेऊन जा. मला कंद नकोत," तरस म्हणाला. "दर अमावास्येला तुझा एक आवाज दे. तोच हप्ता. काट्यांच्या खडखडीपासून सुरुवात करू. चालेल?"

मावशीने शेपटी आपटली. "फुकट देतोय म्हणजे काहीतरी खोट आहे. चल इथून."

पण साळिंदर पदवीधर होते. त्याने मनात हिशोब केला. खडखड नकोच आहे. शिंक नको, उचकी नको, ढेकर तर मुळीच नको. घोरण्यावरून आई रोज बोलते, तेही जाऊ दे. एवढ्यात गाडी फिटून जाईल. हप्ते किती, हे मात्र त्याने विचारले नाही. चावी घेतली आणि निघाले.

पहिल्या अमावास्येला खडखड गेली. भांडारातल्या खारी म्हणाल्या, "किती शिस्तीचं साळिंदर आहे!" साळिंदराला धन्य वाटले. मग शिंक गेली, मग उचकी. घोरणे गेले त्या रात्री आई दोनदा उठली आणि त्याच्या नाकापाशी पंजा धरून बसली.

"तुझी चाहूलच लागत नाही रे हल्ली," ती सकाळी म्हणाली.

"मग बरंच की, आई. तुझी झोपमोड नाही."



पुढच्या अमावास्येला साळिंदराने हप्त्यात ढेकर द्यायचे ठरवले होते. पण दुसऱ्या दिवशी एका खारीने गमतीची गोष्ट सांगितली, सगळे पोट धरून हसले, आणि साळिंदराचे तोंड नुसतेच उघडले. गाडीने स्वतःच निवड करून हसू नेले होते. ते धावत बाहेर आले. अंगणात सुकलेली पाने पसरली होती. ते पानांवरून चालत गेले, मग नाचले, मग आदळत उड्या मारल्या. पान वाजले नाही. एका हप्त्यात गाडीने पावलांचा आवाजही नेला होता. पांढरी गाडी झाडाखाली उभी होती, आणि तिची काच आतून धुरकट झाली होती, कुणी आत बसून श्वास घेत असल्यासारखी.

गाडी परत द्यावी, असे त्याला वाटले. पण भांडारात त्या गाडीमुळे केवढा मान होता! अजून एक महिना बघू, असे म्हणून त्याने तो महिना काढला.

मग पुढच्या अमावास्येची संध्याकाळ आली. साळिंदराने वळणावर गाडी थांबवली आणि हाक देण्यासाठी तोंड उघडले. हाक आली नाही. त्याने पुन्हा श्वास भरला, मान ताणली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत जोर केला. उतारावर वारा तेवढा वाजत होता. ते बिळापाशी गेले आणि नखांनी दगड खरवडू लागले. दगडावर ओरखडे उठत होते, पण खरवडण्याचा आवाज होत नव्हता.

आतून बोलणे ऐकू येत होते.

"बाहेर काहीतरी आहे गं," मावशीचा आवाज आला. "वास येतोय. पण हाक नाही, चाहूल नाही."

"हो," आई म्हणाली.

"दगडाला हात लावू नकोस. पोरगं यायचंय अजून. हे जाईल निघून."

साळिंदराने दगडाला अंग टेकवले. आपण आता त्या हाक न देणाऱ्यांपैकी झालो, हे त्याला कळले. सकाळ झाली तरी बाहेर कोण बसले आहे, हे आतल्यांना कळेल की नाही कोण जाणे.

"एकदा असंच कुणीतरी आलं होतं," आई म्हणाली. "पोराचे बाबा गेल्यानंतर. पहाटेपर्यंत दाराशी होतं. मी उघडलं नाही."

"बरंच केलंस."

"काय माहीत," आई म्हणाली.

आणि दगड सरकला. आई दारात उभी होती. तिने बाहेरच्या अंधाराकडे पाहिले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाली, "कुणी का असेना. आत ये. जेवून घे."

साळिंदर आत आले तेव्हा तिने त्याच्या काट्यांवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग वळणावरच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिले. मावशी तोंडावर पंजा ठेवून बसली होती. आईने मुलापुढे कंद ठेवले.

उजाडल्यावर दोघे तरसाकडे गेले. तरसाने चावी ठेवून घेतली.

"याचे आवाज दे," आई म्हणाली.

"भरलेले हप्ते परत होत नाहीत."

"हे तू सांगितलं नव्हतंस."

"यानं विचारलं नव्हतं," तरस म्हणाला आणि हसला. ते हसू साळिंदराचे होते.

आईने साळिंदराचा पंजा घट्ट धरला. टोपली सोबत आणली होती. तिने ती तरसापुढे उपडी केली आणि लाल गाडी मागून घेतली. घरी येताना घाटात गाडी कण्हत होती. मायलेक समोर बघत बसून होते.

नोकरी टिकली. साळिंदर मानेने, पंजांनी, डोळ्यांनी बोलायला शिकले आणि खारीही शिकल्या. पावसाळा येऊन गेला. मग एका तिन्हीसांजेला मायलेक जेवायला बसले असताना खालच्या वळणावरून हाक आली.

"आई, मी आलो गं!"

तोच आवाज. लाडात शेवटचा शब्द ओढायची तीच सवय. आईच्या तोंडात "ये" आले होते. तिने समोर पाहिले. साळिंदर हातातला कंद तसाच धरून बसले होते. दाराबाहेर, अगदी दगडापाशी, सुकलेल्या पानांवर पावले वाजली. तीही त्याचीच.

"आई, दार उघड ना. किती वेळ उभा राहू?"

आई उठली नाही. तिने साळिंदराच्या पानात आणखी एक कंद वाढला.

"जेव तू," ती म्हणाली. "बाहेर कुणी नाही."

तात्पर्य : ऐपतीबाहेरची वस्तू दारात आणली, तर तिची किंमत आपल्याकडे असेल नसेल त्यातून वसूल होते, म्हणून घेण्याआधी विचारावे, की हप्ता कशातून जाणार आणि तो कुणाच्या हाती पडणार.