खुशाबा शाळेची खिचडी सांभाळतो

एका गावात एक भोळा खुशाबा होता. भोळा इतका, की कुणी ‘बस आता!’ म्हटलं की तो चिखलातसुद्धा बसायचा.

त्याची बायको गिरजा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. हाताला चव होती. दुपारी तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं की वर्गातले पाढे आपोआप थांबायचे. एकदा ती पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मुरगळलं. खिचडी बंद पडली तर पोरं उपाशी राहणार, आणि काम दुसऱ्या कुणाकडे जाणार. मग काय, तिनं खुशाबाला मदतीला घेतलं.

“अहो, तेवढे तांदूळ निवडून टाका,” गिरजा म्हणाली.

खुशाबानं तांदूळ निवडले. एक खडा राहू दिला नाही. मग ते अंगणात टाकले. गावातल्या कोंबड्या जेवून गेल्या. पोरांना चुरमुरे मिळाले.

गिरजानं कपाळावर हात मारला. चांगला हात. “अहो, निवडलेलं टाकायचं नसतं! स्वच्छ धुवायचं आणि पातेल्यात घालायचं.”

“असं होय,” खुशाबा म्हणाला. “आता नाही चुकणार.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोठ्या बाई एका गुटगुटीत पोराला घेऊन स्वयंपाकघरात आल्या. गिरजा मीठ आणायला गेली होती.

“खुशाबा, हा गोट्या. पोरांनी याला भोजनमंत्री निवडलाय,” असं म्हणून बाई वर्गात गेल्या.

निवडलाय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. खुशाबानं भोजनमंत्र्यांना नळाखाली धरलं. गणवेशासकट स्वच्छ धुतलं. मग मोठ्या रिकाम्या पातेल्यात घातलं.

पोरांचा हशा ऐकून बाई धावत आल्या. मंत्री पातेल्यात बसून गाणं म्हणत होते.

“अहो, माणसाला पातेल्यात घालतात का?” बाई ओरडल्या. “दारात कुणी आलं की त्याला पाट द्यायचा, ताट वाढायचं, आणखी घ्या म्हणून आग्रह करायचा!”

“असं होय. आता नाही चुकणार.”

तिसऱ्या दिवशी दारात सरपंचांचा बोकड आला. खुशाबानं पाट मांडला. बोकड बसेना.

“राहू द्या, उभ्यानंच घ्या,” खुशाबा म्हणाला आणि त्यानं ताट वाढलं. बोकडानं ते चाटूनपुसून साफ केलं.

“आणखी घ्या.”

बोकडानं आणखी घेतलं. मग ताट सोडून पातेल्यातच तोंड घातलं.

“हे बरं. संकोच नाही,” खुशाबा म्हणाला.

गिरजा पाण्याची घागर कमरेवर घेऊन आली आणि मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, आता पोरांनी काय खायचं? वर कुणाला कळलं तर माझं काम जाईल. पातेल्यात तोंड घालणारा दिसला की गळ्यातली दोरी धरायची आणि थेट कोंडवाड्यात नेऊन कोंडायचं. मालक आल्याशिवाय सोडायचं नाही!”

बायको रडलेली पाहून खुशाबाला फार वाईट वाटलं. चौथ्या दिवशी तो सकाळपासून पातेल्याशेजारी काठी घेऊन उभा राहिला. डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

खिचडी शिजली. गिरजा व्हरांड्यात ताटं मांडायला गेली. तेवढ्यात तालुक्याहून साहेब आले. न कळवता आले, कारण पोरांना कसलं जेवण मिळतं ते त्यांना बघायचं होतं. मागच्या दारानं ते आत शिरले, झाकण उचललं आणि वास घ्यायला पातेल्यात वाकले.

त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी होती. खुशाबानं ती धरली.

“अरे, मी साहेब आहे! सोड!”

“ओरडतात सगळेच,” खुशाबा म्हणाला आणि चालू लागला.

बातमी कळताच गिरजा कोंडवाड्याकडे पळाली. मागे बाई, त्यांच्या मागे ताटं घेऊन सगळी शाळा. साहेब दोन म्हशींच्या मध्ये उभे होते.

“साहेब, चुकलं आमचं,” गिरजानं फाटकावरून ताट पुढं केलं. “आधी दोन घास खा.”

साहेबांना भूक लागली होती. त्यांनी दोन घास खाल्ले. मग सगळं ताट संपवलं.

“बाई, अशी खिचडी मी तालुक्यात खाल्ली नाही,” ते म्हणाले. “तुमचं काम कुठंही जात नाही. पण मला इथून बाहेर काढा!”

गिरजानं फाटकाच्या कडीला हात घातला. खुशाबा आडवा आला.

“मालक आल्याशिवाय सोडायचं नाही, तूच म्हणालीस. साहेब, तुमचा मालक कोण?”

“अरे बाबा, मी सरकारचा माणूस!”

“मग सरकार येईपर्यंत बसा,” खुशाबा म्हणाला, आणि त्यानं साहेबांपुढं कडब्याची पेंढी टाकली.