पुटकुळ्यांसाठी घेतलेला नियम

“माताजी, खोट्या कारणानं घेतलेला नियम मोडला, तर पाप लागतं का?”

त्रिशला हात जोडून उभी होती. नजर मात्र जमिनीवर.

वारणाकाठच्या त्या गावात आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास चालला होता. दुपारचं ध्यान आटोपून त्या जैन मंदिराच्या ओवरीत पाटावर बसल्या होत्या. अंगावर पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी. त्रिशलाला आता नातवंडं झालीत, पण त्या ओवरीतला गारवा तिला अजून आठवतो. आठवला की जीव हळहळतो. तसं गाव राहिलं नाही, तशा दुपारीही राहिल्या नाहीत.

“कुणाचा नियम?”

“माझाच.”

तिचा नियम साऱ्या गावाला ठाऊक होता. अठरा वर्षांच्या पोरीनं दूध, तूप, साखर, गूळ चार महिन्यांसाठी सोडलेलं! तेही माताजींपुढे श्रीफळ ठेवून. गाव नुसतं हरखून गेलं होतं.

“कारण काय होतं?”

त्रिशलानं ओढणी तोंडावर ओढून घेतली.

“बोल की, बाळ.”

“तोंडावरच्या पुटकुळ्या.”

माताजींनी मान वर केली.

“एका मासिकात वाचलं मी. दूध आणि गोड बंद केलं की जातात म्हणे. पण आमच्या घरात बंद करू देतंय कोण? आई भाकरीवर तूप ओतती. नको म्हटलं की डोळ्याला पदर लावती. नियम आहे म्हटलं, की मात्र जागच्या जागी गप्प. नियमापुढं आमच्यात कुणी बोलत नाही. म्हणून...”

“डोकं बरं चालवलंस.”

त्यांनी हे रागानं म्हटलं की कौतुकानं, त्रिशलाला कळलं नाही.

“गेल्या का?”

“निम्म्याहून जास्त. बायका म्हणतात, तपाचं तेज चढलंय पोरीवर. मलाही ते खरं वाटायला लागलं, माताजी. कॉलेजातल्या पोरींना मी त्यागावर उपदेश केला! एकीनं ऐकून चहा सोडला.”

माताजींच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

“मग आता अडलं कुठं?”

“उद्या सभेत माझा सत्कार आहे. आणि आई... आई माझ्याकडे बघून उद्या जन्मभरासाठी गोड सोडणार आहे. माझी आई! पुरणपोळी केली की पहिली गरम पोळी चुलीपुढंच बसून खाणारी बाई ती. माझ्या थापेपायी तिनं...”

पुढचं रडण्यात गेलं.

“घरी जा आणि आईला खरं सांग,” माताजी म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आत.”

“सांगते. आणि माझा नियम? तो आत्ताच मोडते. खोट्याचं ओझं कशाला?”

माताजींनी पिंछीनं समोरची फरशी हलकेच झाडली. बस, अशी खूण केली.

त्रिशला बसली.

माताजींनी पिंछी बाजूला ठेवली.

“आमच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं,” माताजी म्हणाल्या.

त्रिशला चमकली. दीक्षेआधीच्या घराबद्दल माताजींच्या तोंडून कुणी अक्षर ऐकलं नव्हतं.

“वडील रस आटवायच्या कायलीतला गरम गूळ उसाच्या कांडक्याला गुंडाळून द्यायचे. पहिलं कांडकं माझं. बोटं भाजायची... तरी दम निघायचा नाही.”

त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता.

“सोळावं लागलं, आणि तोंडभर पुटकुळ्या. वैद्य म्हणाले, गूळ बंद. पण वडिलांचा हात अडवायचा कसा? तेवढ्यात गावात मुनिमहाराज आले.”

त्रिशलाचं रडणं थांबलं.

“तुम्हीपण?”

“एका महिन्याचा नियम घेतला होता.”

“मग?”

“महिना संपला. त्या दिवशी वडील सकाळपासून कायलीपाशी उभे. हातात कांडकं... मी समोर गेले. वास आला. तोंडाला पाणी सुटलं. हातसुद्धा पुढं केला.”

“आणि?”

माताजी ओवरीबाहेरच्या उन्हाकडं बघत राहिल्या.

“हात मागं घेतला.”

“का?”

माताजींनी पिंछी उचलून तिची पिसं सारखी केली.

त्रिशलाला राहवेना. “वडिलांना वाईट वाटलं असेल.”

“फार. ते कांडकं त्यांनी स्वतःही खाल्लं नाही.”

त्रिशलाच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. विचारावा की नको, असं करत तिनं शेवटी विचारलाच.

“माताजी, मग तुमच्या पुटकुळ्या गेल्या का?”

माताजींचा हात आपोआप गालाकडे गेला. सत्तरीच्या सुरकुतलेल्या गालावरून बोटं सावकाश फिरली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

“अगं बाई... ते बघायचंच राहून गेलं.”