रुझायचा कोरडा खडक

हा काळा सपाट खडक दिसतोय ना, याला आम्ही रुझायचा कोरडा खडक म्हणतो. शेजारी बसा हवं तर, पण वर पाय ठेवू नका. भरतीचं पाणी याला तिन्ही बाजूंनी वेढतं. उधाणाच्या दिवशी तर ते त्या कुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायरीला लागतं, पण खडकाचा माथा काही भिजत नाही, असं म्हणतात. मी सत्तर वर्षं बघतोय. एकदा-दोनदा भिजलेला पाहिलाय, पण ते गावात बोलायचं नसतं.

आणि ही कबर. आमचं तिवरबंदरचं सगळं कबरस्तान देवळामागे आहे, भिंतीच्या आत. ही एकटीच इथे वाळूच्या काठाला का, हे पाहुणे हटकून विचारतात. म्हणून मीच आधी सांगून टाकतो. मी सिमांव तांडेल. चाळीस वर्षं होडी हाकली, आता गुडघे होडीत चढू देत नाहीत, म्हणून तोंड चालवतो.

त्या बाया पिशव्या घेऊन जमताहेत, पाहिलंत? त्यात खाऊ नाहीये हं. गेल्या ईस्टरला एका साहेबांनी विचारलं होतं, नाश्ता कधी देणार! त्या पिशव्यांत कोरडे कपडे आहेत. आज प्रभू उठला तो दिवस. पवित्र गुरुवारपासून देवळाच्या घंटा मुक्या आहेत. सूर्य वर आला की वाजतील. तेवढ्यात गोष्ट होते बघा.

आगबोटी यायच्या फार आधीची गोष्ट. सगळं शिडावर चालायचं. गावात बस्त्याव नावाचा कोळी होता, आणि त्याची बायको रुझाय. होडी काठाला लागली की पुरुषमाणूस कमरेइतक्या पाण्यात उतरून ती ओढणार, नखशिखांत भिजणार, आणि बायको कोरडे कपडे घेऊन काठावर उभी असणार, अशी तेव्हाची रीत. सदरा, कमरेचा चौकटीचा रुमाल आणि डोक्याला लोकरी टोपी. पण ही रुझाय म्हणजे उशिराची खाण! बाजारात मासळी विकायला बसली की बोलण्यात रमायची. बस्त्याव बिचारा वाऱ्यात कुडकुडत उभा. ती धावत आली की हसून म्हणायचा, "राहू दे आता, उभ्या उभ्या सुकलो मी."

एका पहाटे निघताना तो म्हणाला, "आज तरी वेळेवर ये गं." तिला लागलं ते. ती फणकाऱ्याने म्हणाली, "तू वेळेवर ये, मग मी येते."

त्या दिवशी ती वेळेवर गेली. वेळेच्याही आधी गेली म्हणे. दुपारी वारा फिरला, समुद्र काळा झाला. बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. बस्त्यावची आली नाही. चौथ्या दिवशी वल्ह्याचा एक तुकडा लागला, त्याच्यावर बस्त्यावने चाकूने कोरलेला कुरूस होता. दुसरं काहीच नाही.

आता आमच्याकडे त्या काळी अशी चाल होती की समुद्राने माणूस दिला नाही, तर तिसाव्या दिवशी त्याचे कपडे पेटीत घालायचे आणि ते पुरायचे. म्हणजे कबर होते, नाव लागतं, मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावायला जागा मिळते. गावाने खड्डा खणला. पाद्री आले. रुझायच्या हातात तोच सदरा, तोच रुमाल, तीच टोपी. पेटी उघडली तर ही बाई मागे सरकली.

म्हणाली, "पाद्रीबाबा, शेवटल्या दिवशी सगळे मेलेले उठणार, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"होय."

"समुद्रातलेही?"

"समुद्रातलेही."

"मग तो भिजलेला उठणार. आणि मी त्याचे कपडे चिखलात पुरू? तो काठावर आल्यावर घालील काय?"

लोक चिडले. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. बस्त्यावची म्हातारी आई तर रडून रडून सांगत होती, पोराला चार हात जमीन तरी मिळू दे. पाद्रींनी समजावलं, "रुझाय, उठलेल्यांना देव वस्त्रं देईल." यावर ती म्हणाली, "देव देईल ते देवाचं. घरचं कोण देणार?" खड्डा तसाच बुजवला.

मग ती या कुरसाखाली आली आणि तिने आंगवण केली, म्हणजे नवस बोलली. बस्त्याव उठेपर्यंत हे कपडे मी कोरडे ठेवीन, दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावणार नाही, आणि दर ईस्टरच्या पहाटे इथे घेऊन येईन. प्रभू याच दिवशी उठला, तर बाकीचेही बहुधा याच दिवशी उठतील, असा तिचा साधा हिशेब. इतर दिवशी मासळी विकायची. दर शनिवारी कपडे धुवायची, उन्हात वाळवायची, घडी घालून पेटीत ठेवायची. पावसाळ्यात चुलीवर धरून सुकवायची. बाजारातलं बोलणं बंद झालं. हसणं तर विचारूच नका. अकरा वर्षं, पाहुणे. अकरा ईस्टर ती या खडकावर बसली आणि कपडे तसेच घेऊन घरी गेली.

बारावा ईस्टर आला. अशीच वेळ, उजाडत होतं. आदल्या दिवशी वादळ झालं होतं. रुझाय येऊन बसली, तर समोर पाण्यातून एक माणूस येताना दिसला. चालत नव्हता, रांगत होता. काय झालं असेल तिच्या काळजाचं! ती उठून धावली म्हणे गुडघाभर पाण्यात, कपडे डोक्यावर धरून. जवळ गेली. चेहरा पाहिला.

बस्त्याव नव्हता.

परका कुणी खलाशी होता. दक्षिणेकडून कौलं घेऊन येणारं गलबत रात्रीच्या वादळात फुटलं, त्यातला हा एकटा वाचला होता. रावजी नाव त्याचं. अंगावर चिंधी उरली नव्हती. ओठ निळे, दात वाजताहेत, आणि तशातही बाईमाणूस समोर म्हणून हाताने लाज झाकायला बघतोय. काही मागितलं नाही त्याने. मागण्याइतकी ताकदच नव्हती.

आता सांगा, तिने काय करावं? गाव लांब. वारा सुटलेला. हातात कपडे आहेत, पण ते द्यायचे तर कुरसापुढची आंगवण मोडते. आणि आंगवण मोडली तर बस्त्याव यायचा नाही, असं तिने स्वतःला अकरा वर्षं बजावलेलं. ती तिथेच ओरडली म्हणे, "का पाठवलास याला? मी दुसऱ्याची वाट बघत होते!" देवालाच ओरडली. आमच्याकडे कुणी याला पाप म्हणत नाही. मी तर म्हणतो, देवाला तेवढं ऐकायची सवय असेल.

तेवढ्यात देवळाची घंटा वाजली. प्रभू उठल्याची घंटा. रुझाय रडत रडत खाली बसली, त्या माणसाचं अंग पदराने पुसलं आणि बस्त्यावचा सदरा त्याच्या डोक्यातून घातला. रुमाल नेसवला. टोपी कानांवर ओढली. जसं ती नवऱ्याचं करायची, तसंच सगळं.

दोन दिवस पाद्रींच्या पडवीत राहून तो खुशकीच्या वाटेने गावी निघून गेला. त्याचं गाव कुठलं, तेही हिने विचारलं नाही. घरी येऊन रिकाम्या पेटीकडे बघत बसली. पूर्वी निदान दर शनिवारी धुवायला काही होतं, आता तेही नाही. ते एक वर्ष तिला आधीच्या अकरांहून जड गेलं, असं सांगतात. लोकही काय, जखमेवर मीठ चोळायला एका पायावर तयार. "आता तुझा बस्त्याव उठून काय नेसणार?" असं विचारणारे होतेच.

तेराव्या ईस्टरला तिच्या हातात न्यायला काही नव्हतं. तरी आली. रिकाम्या हातांनी या खडकावर बसली. आणि तेव्हा या वाटेने एक अनोळखी बाई आली. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, पाय धुळीने भरलेले. तिने विचारलं, "रुझायबाय तुम्हीच का?" ती रावजीची बायको, तुळसा. पंधरा दिवस चालून आली होती. तिने गाठोडं सोडलं. त्यात बस्त्यावचे कपडे होते, धुऊन घडी घातलेले. आणि वर एक नवा सदरा, नवा रुमाल, तिने स्वतः शिवलेला, विणलेला.

तुळसा म्हणाली, "गलबत फुटल्याची खबर आधी आली, माणूस मागाहून. खबर आली तशी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, त्याचं तेरावंही झालं. आणि एका दुपारी तो दारात उभा."

रुझाय कपड्यांकडे बघेचना. तिने तुळसेचा हात धरला. "दार कुणी उघडलं?"

"मीच."

"मग?"

"मग काही सुचेना. बघत राहिले."

"पहिलं काय बोललीस? खरं सांग."

तुळसा लाजली. "वेड्यासारखं बोलले, बाय. म्हटलं, भात थोडाच आहे, पण पुरेल दोघांना."

"आणि तो?"

"तो म्हणाला, वाढ."

रुझाय म्हणाली, "परत सांग." तुळसेने परत सांगितलं. दार, भात, वाढ. "अजून एकदा सांग." तिने तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग तेरा वर्षांत पहिल्यांदा रुझाय हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय.

"म्हणजे असं असतं होय!" ती म्हणाली. "मी समजत होते, फार मोठं काहीतरी बोलावं लागेल."

त्या दिवसापासून रुझाय बदलली. वाट बघणं सोडलं नाही, पण बाजारात पुन्हा बोलायला लागली. तुळसेने आणलेला नवा जोड तिने त्याच संध्याकाळी एका उघड्या मिठागरी मजुराला दिला. म्हणाली, "घरचा येईपर्यंत कपडा रिकामा का ठेवायचा? कुणाच्या तरी घरी कुणीतरी कोरडा पोचेल." पुढच्या ईस्टरला तिने दुसरा जोड शिवला. मग समुद्राने ज्यांची ज्यांची माणसं नेली होती, त्या बायाही शिवून आणू लागल्या. कपडे पुरायची चाल बंद पडली, ती कायमची. बस्त्यावची आई तर म्हणे पुढे सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

रुझाय म्हातारी होऊन गेली. बस्त्यावचे कपडे तिच्याच शवपेटीत ठेवावेत, असं लोकांच्या मनात होतं. पण तिने आधीच दम भरून ठेवला होता, "खबरदार! बाहेरच राहू देत. तो माझ्या आधी उठला तर?" आणि कबरस्तानात नको म्हणाली. इथे काठालाच खड्डा खणायला लावला. देवळामागून इथवर चालत यायला वेळ लागतो ना. "एकदा म्हणाला होता वेळेवर ये," एवढंच ती बोलली. पाद्रींनी इथे पाणी शिंपडून जमीन आशीर्वादित केली आणि तिला समुद्राकडे पाय करून निजवलं, उठली की थेट समोर बघील अशी.

आजही तिवरबंदरात दर ईस्टरच्या पहाटे ज्या घरचं माणूस समुद्रातच राहिलंय, त्या घरातून त्याच्या मापाचा नवा कोरडा जोड या खडकावर येतो. घंटा वाजेपर्यंत वाट बघायची. नंतर तो जोड गरजवंताच्या अंगावर घालायचा. हल्ली आमच्या होड्यांवर लांब लांबच्या मुलखातली पोरं खलाशी म्हणून येतात, त्यांना देतो. आजही गावात प्रत्येक दारामागे एक कोरडा पंचा टांगलेला असतो. भिजलेला माणूस आला की आधी पंचा, मग नावगाव.

ही माझी पिशवी. माझा राफेल, एकवीस वर्षं झाली. आधी त्याची आई आणायची. ती गेल्यापासून मी आणतो. पुरुषांनी आणू नये, असं रुझायने कुठे सांगितलंय? शिंपी दरवर्षी विचारतो, तांडेल, माप तेच ना? मी म्हणतो, कंबर जरा सैल ठेव. पोरगा आता चाळिशीचा झाला असता. उठताना माणूस कुठल्या वयाचा उठतो, ते फादरनाही नीट सांगता येत नाही. विचारलंय मी.

आणि पहिलं काय बोलायचं, तेही माझं ठरलेलं आहे. भात मी रात्रीच शिजवून ठेवलाय, दोघांपुरता. कपडे ज्या पोराला देईन, त्यालाच घरी नेऊन वाढतो दरवर्षी.

चला, उठा आता, सूर्य आला. जरा बाजूला व्हा, मला पुढे उभं राहू द्या.