कंदिलाला न दिसलेले तारे

फार पूर्वी, वस्तूही चालत-बोलत असत तेव्हा, एका शेणकिड्याला सर्वांत काळोखा माळ ठाऊक होता. तिथे आकाशगंगेचा पट्टा पाहून तो पिल्लांसाठी शेणाची गोळी सरळ घरी ढकलत नेई.

"मलाही दाखव की तारे," कंदील म्हणाला. शेणकिड्याने त्याला हौसेने माळावर नेलं.

"कंदीलदादा, आता वात मालवा."

"तुझ्यासारख्या शेणातल्याचं ऐकून मी विझू?" कंदिलाने वात उलट वाढवली आणि वर पाहिलं. "कुठे आहेत रे तारे? थापाड्या!"

त्या उजेडात शेणकिड्यालाही आकाश दिसेना. गोळी घेऊन तो जागच्या जागी गोल फिरू लागला.

कंदिलाला दया आली. "बिचाऱ्याला अंधारात वाट सापडत नाही," म्हणत त्याने गावातले सगळे कंदील बोलावून माळभर उभे केले.

घरी पिल्लं उपाशी मेली.