देवजीने कोरलेलं नाक

घाटात सडक यायच्या फार वर्षं आधी आसनपाड्यात देवजी नावाचा सुतार होता. बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांची सोंगं नाचतात ना, त्यांचे मुखवटे तो सावरीच्या लाकडातून कोरायचा. त्यानं कोरलेला वाघ बघून गुरं दावी तोडायची, असं म्हणतात.

त्याच गावात हिरोजी राहायचा. लाकडाच्या व्यापारात बरकत आली आणि हिरोजीचा हिरोजीराव झाला. सावलीत बसला तरी डोक्यावर छत्री धरायला त्याला माणूस लागे. पणजोबांच्या दारात हत्ती झुलायचे म्हणे! आमच्या घाटात गाढव चढताना धापा टाकतं, तिथे हत्ती कसा आला ते त्यालाच ठाऊक. इथवर हसून सोडता आलं असतं. पण डोक्यावर मोळ्या वाहून ज्या आईनं त्याला वाढवलं, ती चांगुणा गोठ्यामागच्या खोपटात राहायची. पाहुण्यांना तो सांगायचा, जुनी मोलकरीण आहे. कित्येक वर्षांत त्यानं तिच्या दारी पाऊल टाकलं नव्हतं, आणि म्हातारी रोज उंबऱ्यात बसून त्याची वाट बघायची.

एका वर्षी हिरोजीनं देवजीला बोलावणं धाडलं.

"देवांच्या रांगेत माझं बी सोंग नाचव. राजावानी कर."

"तुम्ही जसे, तसंच करतो, रावसाहेब," देवजी म्हणाला.

आणि केलं की! मुकुट, पिळदार मिशा, आणि नाक असं आभाळाला भिडलेलं की आतल्या माणसाला जमीन दिसू नये. उत्सवाच्या दिवशी देवजीनं ते स्वतःच चढवलं आणि तो संबळाच्या तालावर निघाला. कधी पाय शेणात, कधी कुणाच्या कोंबड्यांत. गाव पोट धरधरून हसलं.

"फोडतोच ते तोंड!" म्हणत हिरोजी काठी घेऊन धावला. पुढे सोंग, मागे हिरोजी, आणि त्यांच्यामागे सारं गाव. धावता धावता सोंग अडखळलं आणि पडलं ते चांगुणेच्या दारात.

म्हातारीची नजर अधू झालेली. तिनं चाचपत सोंगाचे दोन्ही गाल हातांत घेतले.

"आलास व्हय रं हिऱ्या? किती वाळलास! भाकर खाल्लीस का?"

संबळ थांबला. कुणी हसलं नाही. त्या हातांखाली लाकडाला पाझर फुटला आणि उंच नाक हळूहळू खाली आलं, असं म्हणतात. हिरोजीच्या हातातली काठी गळून पडली.

"आये, त्यो मी न्हाय," तो हुंदके देत म्हणाला. "मी हितं हाय."

देवजी बाजूला सरला.

देवजी गेला, त्यालाही आता पिढ्या लोटल्या. आसनपाड्यात अजून सोंगं निघतात, मोठेपणा मिरवणाऱ्यांची टिंगलही होते. पण ज्याचं सोंग, त्याच्या आईच्या दारी ते आधी न्यायचं, ही देवजीची वहिवाट. आई नसेल, तर गावातली कुठलीही म्हातारी चालते. ती त्या लाकडी गालांवरून हात फिरवते, जेवलास का विचारते, आणि मगच संबळ वाजतो. ज्याचं सोंग असतं, त्यानं तेव्हा शेजारी उभं राहायचं असतं. त्याला दुसरीकडे बघायची मुभा नाही.