बुवांची नवी खोली

“छान झालंय ना, महाराज?”

दिगंबरनं पुन्हा विचारलं. सोमगिरीबुवा अजून दारातच उभे होते. हात माझ्या खांद्यावर. पाय उचलायचं नाव नाही.

“आत तर येऊ दे त्यांना,” मी म्हणालो. “दारातूनच काय छान नि काय वाईट!”

दिगंबर माझ्याकडं बघून तोंडदेखलं हसला. मी गावातला वाणी. किराण्याचं दुकान आहे, लोक आप्पा म्हणतात. ह्याला घराच्या रचनेतलं काय कळतंय, असं दिगंबरचं मत. मत खरं असेल, पण ते चेहऱ्यावर मिरवत फिरायचं काही कारण नव्हतं.

हा दिगंबर बुवांचा शिष्य. बोरखडीच्या ह्याच मठात लहानाचा मोठा झाला. पुढं पुण्याला गेला. लोकांची जुनी घरं आतून-बाहेरून नवी करून द्यायची, भोवती बाग उभी करायची, हा त्याचा धंदा. नाव चांगलं झालं. त्यानं केलेल्या घरांचे फोटो मासिकांत छापून येतात. इतक्या लोकांना सुखात ठेवलं आणि आपला गुरू मात्र उंचसखल, अंधाऱ्या खोलीत राहतो, हे त्याला बघवेना. ऐन उन्हाळ्यात माणसं घेऊन आला आणि कामाला लागला.

उन्हाळाभर बुवा माझ्याकडं राहिले. माझ्या ओट्यावर, एका जागी बसून. उठायचं झालं, चालायचं झालं, की माझ्या खांद्यावर हात. बुवांना माझा लळा लागला, असं मला वाटायचं. गावात दोघाचौघांना मी तसं सांगितलंही.

आज त्यांना परत घेऊन आलो होतो.

“या ना महाराज,” दिगंबर म्हणाला. “उंबरठा काढून टाकलाय. आता अडखळायचं कामच नाही.”

“काढला?”

“आता एकसुद्धा उंचवटा राहिला नाही. आत-बाहेर सगळीकडं एकच फरशी.”

बुवांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पाय चांगला उंच उचलला आणि आत टाकला. ओलांडायला काही नव्हतंच. पाय आपटला, बुवा पुढं झुकले. उजवा हात सवयीनं भिंतीकडं गेला. तिथं पूर्वी खुंटी होती. आता गुळगुळीत गिलावा होता. हात त्यावरून घसरला... आणि सावकाश खाली आला.

“होईल सवय,” दिगंबर म्हणाला.

“होईल,” बुवा म्हणाले.

“आधी काय अवस्था होती, आठवा. अर्धी जमीन सारवलेली, अर्धी दगडाची. मधेच एक पायरी. आणि ते दार! नुसता हात लावला तरी करकर करायचं. मी तर म्हणतो, इतकी वर्षं तुम्ही ह्या खोलीत पडला नाहीत, हेच नवल.”

“नवल खरं.”

“आता दार उघडलं तरी पत्ता लागत नाही.”

“पत्ता लागत नाही?”

“आवाजच नाही, महाराज. कुणी आलं-गेलं तरी तुमची झोप मोडायची नाही.”

बुवा खोलीच्या मध्यापर्यंत आले. पावलं पुढं सरकवत, फरशी चाचपत. मला वाटलं, नवी फरशी आहे, घसरायला भितात. म्हातारं माणूस.

ते एकदा डावीकडं वळले. मग उजवीकडं. मग थांबले.

“आणि आता खरी गंमत,” दिगंबर म्हणाला. त्याला दम निघत नव्हता. माणूस बोलायला लागला की लहान झालेला दिसायचा, त्या वेळी त्याचा राग यायचा नाही. “ह्या बाजूची भिंतच काढून टाकली. आढ्यापासून खालपर्यंत काच. पुढं थेट उतारापर्यंत हिरवळ. बसल्या जागेवरून अख्खी नदी दिसते. बघा ना. दिसते ना?”

बुवांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं.

“दिसते की रे. छान दिसते.”

...



नदी त्यांच्या पाठीमागं होती. बुवा कपाटाकडं तोंड करून उभे होते.

बुवा चेष्टा करतायत असं वाटून मी हसलो. चेष्टेची खोड होतीच त्यांना. पण दिगंबर हसला नाही. तो चालत त्यांच्या समोर आला. आपला तळवा त्यांच्या डोळ्यांपुढं नेला. आणखी जवळ नेला.

पापणी हलली नाही.

“महाराज...”

“बोल.”

“हे कधीपासून?”

“आहे बरेच दिवस.”

“म्हणजे?”

“तू इथं होतास तेव्हापासून. तेव्हा कडा दिसायच्या. माणूस आहे की खांब आहे, एवढं कळायचं. मग तेही गेलं.”

रोज संध्याकाळी मी मठात पोथी ऐकायला यायचो. बुवा पोथी मांडीवर घ्यायचे, वाचायचे, पान उलटायचे. मी समोर बसलेलो असायचो.

“आणि पोथी?” मी विचारलं.

“पाठ आहे.”

“पानं उलटत होता की!”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आप्पा.”

मला राग आला. कुणाचा ते कळेना. बुवांवर रागवावं तर ते असे उभे, कपाटाकडं बघून हसत.

“आणि माझं चित्र?” दिगंबरनं विचारलं.

हे चित्राचं प्रकरण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लहान असताना त्यानं एक घर काढलं आणि बुवांना दाखवलं. बुवा म्हणाले, छान आहे, ह्याच्या हातात घर आहे, ह्याला पुण्याला धाडा. दिगंबर जिथं जाईल तिथं ही गोष्ट सांगतो. ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

दिगंबर आणखी जवळ सरकला.

“ते तरी पाहिलं होतं ना?”

“हाताला कागद लागला होता.”

“मग छान कसं म्हणालात?”

“छान आहे ना, असं विचारलंस.”

“नाही म्हणायचं होतं.”

“कसं आहे, असं विचारलं असतंस तर म्हणालो असतो रे, दिसत नाही म्हणून.”

दिगंबर खाली बसला. त्या एकसारख्या फरशीवर, मांडी न घालता, पाय कसेही टाकून. त्याच्याकडं बघवत नव्हतं. ज्या शब्दावर माणसानं अख्खा जन्म उभा केला, तो शब्द असा हातातून गेला.

मग मलाच राहवलं नाही.

“पण बुवा, तुम्ही तर रोज पहाटे एकटे नदीवर जायचात. आंघोळ करून एकटे परत यायचात. अख्ख्या गावानं बघितलंय.”

“जायचो.”

“कसे?”

“पायाला शेणाची जमीन लागली की खोली. दगड लागला की दार जवळ आलं. उंबरठा ओलांडला की बाहेर. बाहेर आलं की कडुलिंब वाजायचा. त्याच्या रोखानं चालत राहायचं. बुंध्याला हात लागला की खाली उतार... मग पाणी.”

“आणि परत येताना?”

“तोच वाजायचा.”

दिगंबरनं मान वर केली.

“मी सगळं होतं तसं करून देतो. आजच माणसांना बोलावतो. उंबरठा बसवतो, खुंटी ठोकतो, फरशी उखडून टाकतो. ते दार मागं ठेवलंय अजून, तेच लावतो.”

“आणि कडुलिंब?” बुवांनी विचारलं.

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

कडुलिंब नदीच्या आड येत होता. काचेतून नदी दिसावी म्हणून तो काढला होता. गावात सगळ्यांना माहीत होतं, बुवांना कुणी सांगितलं नव्हतं. आल्यावर बघतीलच, असं वाटलं होतं.

“आलो तेव्हापासून ऐकतोय,” बुवा म्हणाले. “वारा तर आहे.”

...

“महाराज, त्याचं लाकूड वाया जाऊ दिलं नाही,” दिगंबर म्हणाला. आवाज इतका बारीक की मला पुढं झुकावं लागलं. “त्याचाच दिवाण करवून घेतला. तुमच्यासाठी.”

त्यानं उठून बुवांचा हात धरला आणि दिवाणाच्या कडेवर ठेवला.

बुवांनी लाकडावरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. बोटं कुठंतरी थांबायला बघत होती, एखादी गाठ, एखादी साल. काही लागलं नाही.

“गुळगुळीत झालाय,” ते म्हणाले.

मला तिथं थांबवेना आणि जाताही येईना.

“मी जातच नाही आता,” दिगंबर म्हणाला. “पुणं सोडतो. इथंच राहतो. रोज पहाटे हात धरून नदीवर नेईन तुम्हाला. तुम्ही नुसती हाक मारायची.”

“हाक मारायची.”

“हो. कधीही.”

“दिगू, घर सोडलं, गाव सोडलं, आईबापांनी ठेवलेलं नावसुद्धा सोडलं. जड नाही गेलं. तेवढी नदीपर्यंतची वाट माझी होती. संन्याशाला कसलं आलंय ‘माझं’... पण होती. त्या वाटेवर मी कुणाला हाक मारत नव्हतो.”

हे बोलून त्यांनी दिवाणावरचा हात काढून घेतला.

“थांबा. बघू दे मला.”

दिगंबर पुढं झाला. मी त्याला मागं ओढलं. का ओढलं कोण जाणे. कदाचित जमेल, असं मला वाटलं असेल. बुवांना कधी काही जमलं नाही असं मी बघितलं नव्हतं.

बुवा चालू लागले. दार त्यांच्या पाठीमागं होतं. ते उलट्या बाजूला निघाले होते. पाऊल पुढं टाकायचे आणि थांबायचे. पायाखालची फरशी त्यांना काहीच सांगत नव्हती. दहा ठिकाणी पाय ठेवला तरी सगळीकडं तीच.

हात काचेला लागला.

त्यांना ती भिंत वाटली. भिंतीच्या कडेकडेनं गेलं की दार लागणार, म्हणून ते काच धरून चालले. चालत कोपऱ्यापर्यंत गेले. कोपरा चाचपला. परत फिरले. तीच काच धरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आले. काचेच्या पलीकडं ऊन पडलेलं होतं, हिरवळ होती, खाली नदी होती. दिगंबर म्हणाला होता ते खरं होतं. अख्खी दिसत होती.

दुसरा कोपरा चाचपून झाल्यावर बुवा तिथंच उभे राहिले. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे लांबवर उमटले होते.

“डाव्या हाताला वळा, बुवा,” मी म्हणालो.

ते वळले नाहीत.

“डावा कुठला झाला आता, आप्पा?” ते म्हणाले. “माझा की खोलीचा?”

मी नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो माणूस आंधळा दिसला. सकाळपर्यंत नव्हता. माझ्या ओट्यावर बसलेलासुद्धा नव्हता. आम्हीच त्यांना ह्या उजेडात आणून आंधळं केलं होतं.

दिगंबर पळत जाऊन त्यांच्या पायांवर कोसळला. हमसून हमसून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, कोपऱ्यात तोंड खुपसून रडत होता, आणि बुवांचे पाय त्यानं असे घट्ट धरले होते की त्यांना हलताही येत नव्हतं.

“बोला, महाराज. शिव्या द्या. शाप द्या. पण गप्प राहू नका. मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करतो. एक शब्द बोला.”

त्यानं पाय आणखी घट्ट धरले.

“एकच शब्द, महाराज...”

बुवांच्या तोंडावरचं हसू कधीच गेलं होतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायला बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला. दिगंबर होता त्याच्या जरा बाजूला, रिकाम्या जागेत.

“दिगू, मला लघवीला जायचंय. कुठल्या बाजूला जाऊ?”